क्षमा परत

आमच्या ह्यांना संस्कृत नावांचं भारी वेड. स्वतःचा चष्मा कुठे ठेवला ते आठवत नाही, पण समोरच्यानं नाव सांगायचा अवकाश, की त्याचा अर्थ, उगम आणि पुराणातली कथा बाहेर पडलीच म्हणून समजा. नातेवाईक ह्यांना 'नामकोश' म्हणतात. ती थट्टा आहे, हे ह्यांच्या गावीही नाही.

लग्न झालं तसं ह्यांनी माझं नाव बदलून क्षमा ठेवलं. "क्षमा म्हणजे पृथ्वी. सगळं पोटात घालणारी," असं सांगितलं आणि पोटात घालण्याजोगं बरंच काही लगेच करायला लागले.

आता सुनेची पाळी आली. सूनबाई कवळ्या बनवते. मेणात दात बसवायचे, साचा करायचा, घासून गुळगुळीत करायचं. तोंडाचं बोळकं झाल्यावर ह्यांची कवळीही तिनंच करून दिली. तीच लावून हे जेवत होते आणि भरल्या तोंडानं म्हणाले, "सूनबाई, आजपासून तू अपर्णा. पार्वतीचं नाव आहे. पर्ण म्हणजे पान. शंकरासाठी तप करताना तिनं गळलेली पानं खाणंसुद्धा सोडलं, म्हणून अपर्णा. बाईचा त्याग असा हवा! तेव्हा तू ते दातांचं काम सोड आता."

एवढं बोलून पुन्हा भात मागितला.

मुलगा ताटात बघत राहिला. बापापुढे तोंड उघडेल तर शपथ! सुनेचा हात थांबला. त्या कामावर तिचा किती जीव आहे, ते मला ठाऊक. मला वाटलं, आता ही पोरही मान डोलावणार आणि माझ्यासारखी जन्मभर गिळत बसणार.

ती म्हणाली, "बाबा, पार्वतीला तप करायला कुणी सांगितलं होतं?"

"छे! आई तर नको नको म्हणत होती." ह्यांना कथेचा मोह आवरेना. "पण तिनं एकदा मनावर घेतलं, की कुणाच्या बापाला ऐकायची नाही!"

"मग छान आहे नाव. ठेवते," सून म्हणाली. "आणि कामही."

हे माझ्याकडे वळले. सुनेला झापायचं काम सासूचं, अशी ह्यांची ठाम समजूत.

"क्षमा, अगं, सांग की तिला काहीतरी!"

"तिला कशाला? तुम्हालाच सांगते. तुमचं क्षमा परत घ्या, मला पुरे झालं. आणि अहो नामकोश, माझं आधीचं नाव काय होतं हो?"

ह्यांनी तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. कवळी झकास बसली होती. नाव काही आठवलं नाही.