शिंपीकाकांच्या पोटातला भाडेकरू

मित्रांनो, मी एक जुना जिवाणू आहे. शिंपीकाकांच्या मोठ्या आतड्यात माझं बिऱ्हाड आहे. जुना म्हणजे आमचं घराणं जुनं. काका आईच्या अंगावर पीत होते, तेव्हापासून आम्ही इथे नांदतो. नाव ऐकून नाक मुरडू नका. सगळेच जिवाणू रोग घेऊन येत नाहीत.

धान्याचा कोंडा, फळांची सालं, पालेभाजीचे देठ. काकांना जे पचत नसे ते आमचं जेवण. त्याचं आम्ही सौम्य आम्ल करायचो. त्यामुळे आतड्यातून स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडण्याचा निरोप जाई आणि जेवणानंतर साखर रक्तात बेताने चढे. मधुमेह काकांना होताच, पण औषध आणि आमचा हातभार यांमुळे तो ताब्यात होता. काका कोटाची काजं हातानेच करत. गिऱ्हाइकं त्यांच्या टाक्यांची तारीफ करत; आमची कोण करणार?

मग काकांचे दात गेले. सून फार मायेची. तिने साखरेचा डबा घरातून हद्दपार केला. सासऱ्यांना चावायला त्रास नको, म्हणून पीठ वस्त्रगाळ केलं, फळं सोलली, भाज्या शिजवून गाळल्या. ताट लोण्यासारखं मऊ झालं आणि आमच्या वाट्याला काही उरलं नाही. माझे कितीतरी भाऊबंद उपाशी मेले.

काकांची साखर वाढत गेली. एकदा मुलगा भर जेवणात म्हणाला, "बाबा, खरं सांगा. दुकानात चोरून गोड खाता ना?"

"नाही रे बाळा. तोंडाला लावलं नाही."

"मग साखर काय हवेतून वाढते?"

काका अर्धं ताट तसंच सोडून उठले. खरं काय ते मला माहीत होतं, पण मला कुठे तोंड आहे?

पुढे वाढलेल्या साखरेने काकांची नजर गेली. सुईत दोरा ओवता येईना. तेव्हा डॉक्टरबाईंनी सुनेला विचारलं, "जेवायला काय देता?" तिने सगळं कौतुकाने सांगितलं.

"अहो, मऊ द्या, पण कोंडा-चोथा काढू नका. तोच तर त्यांना हवा होता."

सून तिथेच रडली.

आता कोंडा येतो. आम्ही थोडेच उरलो आहोत, पण कामाला लागलो आहोत. साखर उतरते आहे. नजर मात्र परत आली नाही. मुलाने गोडाचा विषय पुन्हा काढला नाही, पण 'चुकलो' असंही म्हणाला नाही.

मित्रांनो, कोंडा टाकू नका. आणि घरच्या म्हाताऱ्या माणसाला चोर ठरवण्याआधी त्याच्या ताटात काय वाढता, ते बघा. माझे काका अजूनही बाहेरून आले की दारातच थांबतात आणि कुणी न विचारता दोन्ही खिसे उलटे करून दाखवतात.