आरशातला दिवा

धाकट्याला सगळे धाकटाच म्हणत. चाळिशी उलटली, रंगकामाचा धंदा वाढून हाताखाली माणसं आली, कानशिलांवरचे केस पिकले, तरी ताईचा धाकटा भाऊ म्हणून घरात जे नाव पडलं ते पुढे मित्रांनीही उचललं. ताईचा नवरा, म्हणजे दाजी, तर ते नाव असं उच्चारत की ऐकणाऱ्याला वाटावं, या पोराला अजून मिसरूड फुटायचंय.

दाजींचं चष्म्याचं दुकान होतं. नवी फ्रेम डोळ्यांवर चढवून गिऱ्हाईक मोठ्या हौसेने विचारायचं, "कशी दिसतेय?" दाजी मान वर करून नीट बघायचे आणि सांगायचे, "वाईट. चेहरा मोठा आहे तुमचा, ही नको." निम्मी गिऱ्हाइकं तिथेच तुटायची. उरलेली मात्र आयुष्यभर दुसऱ्या दुकानाची पायरी चढायची नाहीत. लग्नानंतर सासुरवाडीच्या पहिल्याच पंगतीत सासूबाईंनी कौतुकाने विचारलं, जेवण कसं झालंय, तर जावईबापू म्हणाले, "मीठ जास्त पडलंय." धाकटा तेव्हा वाढायला उभा होता. हसू दाबता दाबता त्याच्या हातातलं भांडं पडायचं राहिलं.

हा गुण होता असं कुणी समजू नये. बरोबर राहणाऱ्याला तो छळ होता. ताईच्या पोटाचं मोठं ऑपरेशन ठरलं तेव्हा आदल्या दिवशी तिने नवऱ्याचा हात धरून विचारलं, "मी बरी होईन ना हो?" एवढ्यावर कुणीही हो म्हटलं असतं. दाजी म्हणाले, "डॉक्टर म्हणतात, निम्मी निम्मी शक्यता आहे." ताई बरी झाली, पण पुढे कितीतरी दिवस ती त्यांच्याशी धड बोलली नाही.

अशा या माणसाच्या डोक्यात मोटारसायकल भरवली ती धाकट्याने. तो आणि त्याचे तीन मित्र दर वर्षी माळावरच्या रस्त्याने लांबवर जाऊन यायचे. मोटार ड्रायव्हिंग शिकवणारे मास्तर त्यांचे म्होरके. बाकी दोघे म्हणजे एक गॅरेजवाला आणि एक बेकरीवाला. दोन वर्षं धाकटा दाजींच्या कानाशी लागला होता. शेवटी दाजींनी जुनी गाडी घेतली, रिकाम्या मैदानात शिकले, आणि ताईने कपाळाला हात लावला.

"तुम्हा दोघांचं डोकं फिरलंय," ती म्हणाली. "जायचंय ना? जा. पण धाकट्या, यांना तुझ्या आरशात ठेवायचं. दुसऱ्या कुणाच्या नाही. नेतोयस तसे परत आणून दे मला."

आरशाचा हा नियम मास्तरांचा. माळावर एकामागे एक जायचं आणि प्रत्येकाने फक्त आपल्या मागच्यावर लक्ष ठेवायचं. दिवसाउजेडीही प्रत्येकाचा पुढचा दिवा चालू. आरशात मागचा दिवा दिसला की माणूस आहे. दिसेनासा झाला की थांबायचं. तुम्ही थांबलात की तुमच्या पुढच्याच्या आरशातून तुम्ही जाता, तोही थांबतो, आणि अशी सगळी माळ थांबते. "पुढच्याची चिंता करायची नाही," मास्तर बजावत. "जो मागे राहतो तोच मरतो."

सगळ्यात शेवटी नेहमी गॅरेजवाला असायचा, हत्यारांची पेटी घेऊन. त्या दिवशी सकाळीच बेकरीवाल्याच्या गाडीची चेन कुरकुरायला लागली, म्हणून गॅरेजवाला त्याच्या मागे गेला. मग धाकटा, आणि धाकट्याच्या मागे, सगळ्यांच्या शेवटी, दाजी.

"चालेल ना रे?" मास्तरांनी विचारलं.

"माझ्या आरशात आहेत ते," धाकटा म्हणाला. "काळजी सोडा."

वारा काय चीज आहे हे घरात पंख्याखाली बसून कळत नाही. त्या माळावर झाड नाही, भिंत नाही, टेकाड नाही. पिवळं गवत आडवं झालेलं आणि मधून सरळसोट रस्ता. वारा उजवीकडून असा लागत होता की सगळेच उजवीकडे कलून चालले होते. मधूनच धुळीचा लोट यायचा आणि पुढचं मागचं काही दिसेनासं व्हायचं. "सांभाळायचं ते ट्रकला," मास्तरांनी निघतानाच सांगितलं होतं. "ट्रक बाजूने जाताना वारा अडतो, तुम्हाला वाटतं सुटलो. ट्रक पुढे गेला की तोच वारा थोबाडीत मारतो."

दाजी अर्थातच हळू होते. धाकट्याच्या आरशातला दिवा बारीक बारीक होत जायचा, मग धाकट्याने वेग कमी करायचा, मग पुढच्या तिघांनी. पेट्रोल पंपावर बेकरीवाल्याने तोंड सोडलं. "दाजी, तुम्ही पोचेपर्यंत आमचे पाव फुगून, भाजून, विकूनसुद्धा होतील."

"मला वाऱ्याची भीती वाटतेय," दाजी शांतपणे म्हणाले. "तुम्हाला वाटत नसेल तर तुम्ही मूर्ख आहात."

सगळे खदखदून हसले. धाकटाही हसला, पण त्याला ते लागलं. आपणच आणलेल्या माणसाने सगळ्यांना खोळंबून ठेवावं याची त्याला लाज वाटली. निघताना तो जरा तुटकपणेच म्हणाला, "दाजी, थोडे कान पिळा आता गाडीचे, वेग वाढू द्या."

"बघतो," दाजी म्हणाले.

पंप मागे पडल्यावर थोड्याच वेळात मोठा लोट आला. आरसा नुसता पिवळा झाला. धाकट्याने वेग कमी केला, दोनदा वळून बघितलं, डोळ्यांत माती गेली. लोट सरला आणि आरशात दिवा होता. चांगला ठळक, जवळ आलेला. धाकट्याने हळूच वेग वाढवला. दिवा मागे पडला नाही. आणखी वाढवला. दिवा जागच्या जागी.

धाकट्याला काय आनंद झाला म्हणून सांगावं! मनातला सकाळपासूनचा सल निघून गेला. "जमलं! दाजींना जमलं!" तो हेल्मेटच्या आत एकटाच ओरडला. पुढचे तिघेही आता मोकळे सुटले होते. पवनचक्क्यांची लांबच लांब रांग आली आणि संपली, कुंपणाआडची कोठारं गेली, कोरडा कालवा गेला. धाकटा सारखा आरशात बघत होता. नियम तो तंतोतंत पाळत होता, त्यात कसूर नव्हती. दिवा होता. घरी गेल्यावर ताईला काय सांगायचं याची तो जुळवाजुळव करत होता. तुझा नवरा वाऱ्याला भीत नाही गं, वाराच त्याला भितो.

शेवटी त्याला राहवलं नाही. शाबासकी द्यावी म्हणून त्याने वेग उतरवला, डावा हात सोडून अंगठा वर केला आणि आरशात बघत राहिला. दिवा मोठा झाला. आणखी मोठा झाला. मग त्याच्या ध्यानात आलं, हा दिवा फार उंचावर आहे.

भोंगा वाजवत एक ट्रक त्याच्या बाजूने गेला. त्याचा एकच दिवा चालू होता. वारा क्षणभर अडला, मग धाडकन आदळला, आणि धाकट्याची गाडी रस्त्याच्या कडेपर्यंत सरकली. कशीबशी सावरून त्याने आरशात पाहिलं. आरशात फक्त रस्ता होता.

तो गर्रकन वळला. इतरांसाठी थांबला नाही. गॅरेजवाल्याच्या आरशातून धाकटा गेला म्हणून तो थांबला, त्याच्यामागोमाग बाकीचेही वळले. कुणाच्याच फोनला रेंज नव्हती. कोरडा कालवा आला, कोठारं आली, पवनचक्क्यांची रांग सुरू झाली ती संपेचना. इतकं लांब आलो आपण? क्षणोक्षणी धाकट्याला वाटत होतं, आता समोरून दिवा येईल, दाजी शिव्या घालत येतील.

पवनचक्क्या संपल्यावर बऱ्याच अंतराने रस्त्याकडेच्या चरात एक मंद दिवा दिसला. दाजींची गाडी आडवी होती आणि तिच्याखाली दाजी. हँडल त्यांनी पडल्या पडल्या हाताने वळवून ठेवलं होतं, दिव्याचं तोंड रस्त्याकडे यावं म्हणून. बॅटरी उतरत आली होती.

"ओढू नका," दाजी म्हणाले. चेहरा पांढराफटक, पण आवाज दुकानातलाच. "मांडीचं हाड मोडलंय. रक्त बरंच गेलंय. आधी वर काहीतरी आवळून बांधा."

गॅरेजवाल्याने पट्टा काढून बांधला. तिघांनी मिळून गाडी उचलली. मास्तर रस्त्यावर जाऊन येणाऱ्या गाडीला हात करायला उभे राहिले. धाकटा चरात गुडघ्यावर बसला होता. "दाजी, तो ट्रक…"

"एका दिव्याचा," दाजी म्हणाले. "माझ्या आरशात पाहिला मी. बाजूने गेला, आणि मास्तर म्हणाले तसंच झालं." ते दम खायला थांबले. मग त्यांनी धाकट्याकडे बघितलं, गिऱ्हाइकाकडे बघत तसं नीट. त्यांना सगळं उमगलंय हे धाकट्याला दिसलं. चरात पडल्या पडल्या त्यांनी ते केव्हाच जुळवलं असणार.

"लगेच आलास," दाजी म्हणाले.

गॅरेजवाल्याने मान फिरवली.

एक टेम्पो मिळाला. जवळच्या गावातल्या दवाखान्यात पोचेपर्यंत दाजी संपले होते. डॉक्टर तरुण होता. "थोडं आधी आणलं असतं तर," असं म्हणून त्याने सगळ्यांचे चेहरे बघितले आणि वाक्य अर्धंच सोडलं.

बाहेरच्या बाकावर मास्तर धाकट्याशेजारी येऊन बसले. "ताईंना सांग, लगेच वळलो. त्यात खोटं काय? कळल्या कळल्या लगेचच वळलो आपण."

धाकट्याने मान डोलावली.

भेटायला येणाऱ्यांची रीघ ओसरल्यावर ताईने त्याला दुकानात बोलावलं. शटर अर्धं उघडं होतं. ताई काउंटरच्या मागे दाजींच्या स्टुलावर बसून त्यांचा स्वतःचा चष्मा पुसत होती. एका काचेला तडा गेलेला होता. धाकटा गिऱ्हाइकासारखा समोर उभा राहिला.

"शुद्धीवर होते?"

"हो."

"काय म्हणाले?"

याचीच तयारी करून तो आला होता. हे तर खोटंही नव्हतं, दाजींचे स्वतःचे शब्द होते, आणि त्यांच्या आड उभं राहिलं की झालं. "म्हणाले, लगेच आलास."

ताईचा हात थांबला. "हे म्हणाले? लगेच आलास म्हणून?"

"शप्पथ, ताई. मास्तरांना विचार."

"भ्रमात होते का?"

"नाही. हाड कुठे मोडलंय, पट्टा कुठे बांधायचा, सगळं नीट सांगत होते."

बोलून गेल्यावर आपण काय बोललो हे त्याला कळलं. ताईने काचेच्या तड्यावरून बोट फिरवलं.

"ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी यांचा हात धरून विचारलं होतं," ती म्हणाली. "नुसतं हो म्हणायचं होतं. तेवढंही म्हणाले नाहीत. इतक्या वर्षांत माझ्यासाठी एकदासुद्धा खोटं बोलले नाहीत रे."

धाकट्याने काउंटरची कड घट्ट धरली.

"आता तू सांग," ताई म्हणाली. "किती वेळ पडून होते?"

"तास होऊन गेला होता," धाकटा म्हणाला. मग त्याने सगळं सांगितलं. लोट, दिवा, पवनचक्क्या, आणि हेल्मेटच्या आत आपण आनंदाने ओरडलो तेसुद्धा. त्याने काही लपवलं नाही. ताईने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग चष्मा घडी करून डबीत ठेवला आणि झाकण लावायला गेली, पण ते तिला काही केल्या लागेना. धाकट्याने हात पुढे केला, तेव्हा तिने डबी स्वतःकडे ओढून घेतली.