डाव्या खांद्यामागची ओल

डोंगराळ काराकोल गावच्या वाटाड्यांना नवं पावसाळी जॅकेट हवं असलं की ते आधी असनकुल-आकेंच्या घरी यायचं. चाळीस वर्षं डोंगरात काढलेल्या या म्हाताऱ्याने गुडघे बोलायला लागल्यावर तरी स्वस्थ बसावं की नाही? पण वाटाड्यांच्या संघटनेने जॅकेटं पारखायचं काम त्यांच्यावर सोपवलं आणि ते त्यांनी असं मनावर घेतलं की विकणारे त्यांच्या दारासमोरून जायला धजेनात. सहा वर्षांत अकरा जॅकेटं आली. नऊ त्यांनी नापास केली.

त्यांची रीत ठरलेली होती. जॅकेटची पाठ टबावर झोळीसारखी बांधायची, त्यात डावभर पाणी ओतायचं, खाली वर्तमानपत्र पसरायचं आणि शेजारी बसून चहा प्यायचा. तीन वाट्या चहा संपेपर्यंत कागद कोरडा राहिला तर पुढची गोष्ट. मग पाठपिशवीत पंधरा किलो बटाटे भरून, जॅकेट अंगात घालून लाकडाच्या वखारीपर्यंत चार फेऱ्या. पिशवीचे पट्टे जिथे घासतात तिथेच जॅकेट आधी दगा देतं, असं त्यांचं म्हणणं. मान वळवली की टोपी वळली पाहिजे, नाहीतर पाऊल कुठे पडतंय ते दिसत नाही. जाड हातमोज्यातून चेन उघडता आली पाहिजे. काखेत हवा खेळायला फटी हव्यात, नाहीतर बाहेरचा पाऊस बाहेरच राहतो आणि माणूस घामाने भिजतो. एवढं सगळं झालं की शेवटी अला-कुल तळ्याच्या वाटेवरच्या धबधब्याखाली अर्धा तास उभं राहायचं.

बारावं जॅकेट त्यांच्या मुलीने शिवलेलं होतं.

झिपारने घरामागच्या खोपटात चार बायका आणि पाच मशिनं घेऊन शिवणकाम मांडलं होतं. या मोसमात ओझी वाहणाऱ्या हमालांसाठी संघटना तीस जॅकेटं घेणार होती. ते काम मिळालं तर खोपट चालणार होतं. नाही मिळालं तर ऑगस्टमध्ये ती मॉस्कोला निघणार होती, तिथल्या कपड्यांच्या कारखान्यात, गल्लीतल्या निम्म्या मुलींसारखी. हे तिने कणकेचे बोरसोक तळता तळता सांगितलं होतं आणि आकेंनी नुसतं "बरं" म्हटलं होतं. त्या दिवशी त्यांनी बोरसोकांना हात लावला नाही.

गावातले सगळे वडीलधारा म्हणून आके म्हणायचे, त्यामुळे मुलगीही लहानपणापासून त्यांना आकेच म्हणे. निळं जॅकेट टेबलावर ठेवत ती म्हणाली, "आके, मुलीचं म्हणून सोडायचं नाही हं."

"सोडतो की काय! तुझ्या आईने शिवलेलं असतं तरी सोडलं नसतं."

"आईपुढे तुमचं किती चालायचं, मला ठाऊक आहे."

यावर आकेंनी चहाची वाटी तोंडाला लावली. त्यांची बायको बुरुलचा जाऊन चार वर्षं झाली होती.

जॅकेट मात्र झकास होतं. तीन वाट्यांनंतर कागद खडखडीत कोरडा. बटाट्यांच्या फेऱ्यांनंतर खांदे शाबूत. आकेंनी खोट काढायची म्हणून टोपीची दोरी दातांनी ओढून पाहिली, तीही टिकली. संघटनेचा प्रमुख मेदेर रोज फाटकापाशी येऊन विचारायचा, "आके, पोरगी पास का?" आणि ते वसकन म्हणायचे, "धबधबा बोलेल."

डोंगरावर निघायच्या सकाळी झिपार मशिनवर बसलेली होती. आकेंनी जॅकेट चुलीशेजारच्या खुंटीला अडकवलं आणि दार लोटून घेतलं. मग फडताळातून बुरुलचाचा जुना लोखंडी डाव काढला, त्यात निखारे घेतले आणि वर आर्चाच्या, त्या वासाच्या डोंगरी झुडपाच्या, सुक्या डहाळ्या टाकल्या.

हे त्यांनी जन्मात कधी केलं नव्हतं. करायची ती बुरुलचा. ते डोंगरावर निघाले की ती त्यांचा ताडपत्री कापडाचा अंगरखा याच खुंटीला लावून त्याला धुरी द्यायची, इडापीडा टळावी म्हणून डाव तीनदा फिरवून "अलास, अलास" म्हणायची, आणि आके दारात बुटांच्या नाड्या बांधत हसायचे. "धुराने डोंगर घाबरतो वाटतं तुझ्या?" ती उत्तर द्यायची नाही. तीस वर्षं ते हसले. आणि आता मुलगी जाईल या भीतीने, कुणी बघत नाही ना ते पाहून, त्यांनी स्वतः डाव तीनदा फिरवला. तोंडातल्या तोंडात "अलास" म्हटलं. डहाळ्या तडतडल्या, दाराच्या फटीतून झुळूक आली, खोलीभर आर्चाचा वास पसरला. त्या वासात बुरुलचा इतकी जवळ आली की त्यांनी मागे वळून पाहिलं.

मेदेरने घोडी आणली होती. धबधब्यापाशी पोचेपर्यंत वरून पाऊसही लागला, त्यामुळे परीक्षा दुप्पट झाली. आके पाण्याखाली उभे राहिले. पंधरा मिनिटं काही नाही. मग डाव्या खांद्यामागे, पाठीच्या फऱ्यावर, थंड बोट टेकल्यासारखं झालं.

ती जागा त्यांच्या ओळखीची होती. खिंड उतरून यायचे तेव्हा नेमकी इथेच ओल असायची. बुरुलचा सदरा काढून घ्यायची, त्या जागेवर हात फिरवायची आणि न बोलता चुलीवर वाळत घालायची. आकेंच्या मनात आलं, आता घरी जावं आणि तिने सदरा मागावा. पण असल्याच ओलीपायी त्यांच्या तुकडीतल्या एका हमालाची चार बोटं गारठून गेली होती, हेही त्यांना विसरता येत नव्हतं.

मेदेरने पाठ चाचपली. "एवढंसंच आहे आके. मी पाहिलंच नाही असं समजा."

"तू पाहिलं नाहीस, पण मी भिजलो ना? नापास," आके म्हणाले.

झिपारने ऐकून घेतलं. रडली नाही, भांडली नाही. सकाळी जॅकेट खिडकीशी नेऊन उजेडात धरलं आणि हाक मारली, "आके, चष्मा लावा आणि इकडे या."

पाठीच्या डाव्या बाजूला चार बारीक भोकं होती. प्रत्येकाची कड वितळून कडक झालेली.

"शिवण नाही गेलेली. हे जळलंय," ती म्हणाली. "टबावर तीन वाट्या चहा होईपर्यंत थेंब आला नव्हता. मधे विस्तवाशी कोणी नेलं?"

आकेंनी खुंटीकडे पाहिलं. मग चुलीकडे, मग दाराच्या फटीकडे. झुळूक तिथूनच यायची, तीस वर्षांपूर्वीही तिथूनच. ते आतल्या खोलीत गेले आणि पेटीच्या तळातून आपला जुना अंगरखा काढून आणला. तोही त्यांनी खिडकीशी धरला. डाव्या खांद्यामागे, बरोबर त्याच जागी, मोहरीएवढे रफू होते. दोन नव्हे, चार नव्हे, तीसएक तरी असतील. कापडाच्याच रंगाच्या दोऱ्याने, इतके नाजूक की बोट फिरवल्याशिवाय कळू नयेत.

"अगं, मी या अंगरख्याच्या कारखान्याला तीनदा तक्रार लिहिली होती," आके म्हणाले. "तुमचं कापड डाव्या खांद्याला गळतं म्हणून."

"आणि टपालात कोणी टाकली?"

"तिनेच."

झिपार आधी हसली आणि मग हसता हसता तिचे डोळे भरून आले. "म्हणजे आईला ठाऊक होतं!"

"ठाऊक असून धुरी देत राहिली. भोकं पाडायची आणि रफू करायची, भोकं पाडायची आणि रफू करायची. आणि मी दारात उभा राहून दात काढत होतो." तिला एकदा तरी म्हणायचं होतं की बाई, दे धुरी, बरं वाटतं मला. ते आता कुणाला म्हणणार?

लपवता आलं असतं. चुलीतली ठिणगी उडाली म्हटलं असतं तर कोणी विचारलं नसतं. पण आके दोन्ही कपडे काखोटीला मारून संघटनेच्या कचेरीत गेले आणि सगळ्या हमालांसमोर म्हणाले, "जॅकेटात खोट नव्हती. मी त्याला धुरी दिली."

कचेरीत हशाचा स्फोट झाला. "तुम्ही? आके, तुम्ही?" मेदेरला ठसकाच लागला.

"हसून घ्या. मीही तीस वर्षं हसलो." त्यांनी अंगरखा टेबलावर पसरला. "हात लावून बघा. आणि आता सांगा, तुमच्या घरी आई आहे? बायको आहे? तुम्ही निघताना ती धुरी देत नाही?"

हशा ओसरला. एकेक जण मोहरीएवढ्या रफूंवरून बोट फिरवू लागला.

"तेव्हा जॅकेट दुसरं घ्या, परीक्षा पुन्हा घेतो," आके म्हणाले. "पास झालं तर प्रत्येकाच्या आत एक चिंधी शिवायची. तिच्यावर लिहायचं, धुरी माणसाला द्या, जॅकेट नंतर घाला."

दुसऱ्या खेपेला आके निघायच्या वेळी झिपारने नवं जॅकेट चुलीपासून लांब, अंगणातल्या दोरीवर टाकलं. आके एकटेच चुलीपाशी आले, खुंटीकडे पाहिलं, डावाला हात लावला आणि तसेच बाहेर पडले. अजून लाजच वाटली.

धबधब्याखाली ते पुरता अर्धा तास उभे राहिले. बाहेर आल्यावर मेदेरने सदरा चाचपला आणि आनंदाने ओरडला, "खडखडीत! आके, पोरगी पास! तीसच्या तीस तिचीच!"

आकेंनी उजवा हात मानेवरून मागे नेला आणि डाव्या खांद्यामागची जागा दाबून पाहिली. कोरडी होती. तीस वर्षं नेमकी तिथेच बुरुलचाच्या धुरीची ओल असायची. मुलगी आता कुठे जाणार नव्हती.

"मग रडताय कशाला?" मेदेरने विचारलं.

"तिथे काहीच लागत नाही रे," आके म्हणाले, आणि हात तिथून काढेनात.