डावीकडे चालणारा प्रवासी

जिन्यात चपला-बुटांचा खच पडला होता. वर त्या लहानशा घरात पाय ठेवायला जागा नव्हती. दारातली माणसं टाचा उंचावून पुढच्यांच्या खांद्यांवरून बघत होती. आत भर दुपारी पडदे ओढलेले आणि टीव्ही सुरू. टीव्हीवर बर्फाचं मैदान, त्यात टोपी घातलेला एक प्रवासी एका जागी उभा. समोर स्टुलावर पांढरा टॉवेल आणि टॉवेलावर गेम खेळायचा कंट्रोलर. त्याला कुणाचाही हात लागलेला नव्हता.

स्टुलाशेजारच्या माणसानं तो उचलून तळव्यांत घोळवला आणि परत ठेवता ठेवता मऊ आवाजात विचारलं, "भिंगऱ्या, आलास का बाळा?"

प्रवासी हळूहळू डावीकडे चालू लागला.

खोलीभर उसासा उमटला. भिंगऱ्याची आई पदराआड रडू लागली. तिची धाकटी बहीण तेवढी भिंतीला टेकून कोरड्या डोळ्यांनी बघत होती. भिंगऱ्याची ही मावशी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायची, आणि कुठलीही गोष्ट आपोआप हलली की तिच्या कपाळावर आठी चढायची.

भिंगऱ्या तिचाही लाडका होता. पोरगा एका जागी ठरत नसे म्हणून घरात हे नाव पडलेलं. ठरायचा तो फक्त या गेमपुढे. रस्त्यावरच्या अपघातात तो गेला, त्याला वर्ष होत आलं होतं. मध्यंतरी ताईला, म्हणजे भिंगऱ्याच्या आईला, राहवलं नाही आणि तिनं त्याचा गेम लावून पाहिला. कंट्रोलर खाली ठेवला, तर टीव्हीवरचा प्रवासी आपला आपण चालू लागला. ताईनं शेजारणीला सांगितलं आणि शेजारणीनं या गृहस्थाला आणलं. तो स्वतःला दोन जगांमधला 'दुवा' म्हणवून घ्यायचा. मावशीनं मनातल्या मनात त्याचं नाव दुवाबुवा ठेवलं होतं.

"शरीराचं चार्जिंग संपतं, आत्म्याचं संपत नाही," दुवाबुवा समजावत होता. "आत्मा म्हणजे वीज. विजेला विजेची ओढ. डावी बाजू हृदयाची, म्हणून डावीकडे गेला तर होकार. जागचा हलला नाही, तर नकार."

मग हृदयाचा तज्ज्ञ असल्यासारखा त्यानं भिंगऱ्याच्या वडिलांकडे, मावशीच्या भावोजींकडे, मोर्चा वळवला. भावोजींच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं होतं आणि डॉक्टर लांबवू नका म्हणत होते. दुवाबुवानं कंट्रोलर उचलला, कपाळाला लावला, दोन्ही तळव्यांत घोळवला आणि परत ठेवला. "बाबांचं ऑपरेशन करायचं का रे?"

प्रवासी बर्फात ढिम्म उभा.

पुन्हा तळव्यांत घोळवणं. "मग बाबांनी माझ्या शांतिगृहात येऊन राहायचं का?"

प्रवासी डावीकडे निघाला. ताईनं नवऱ्याचा हात घट्ट धरला. आपला मुलगा आपली काळजी करतोय, यापुढे डॉक्टरांची काय मातब्बरी!

आतापर्यंत मावशीला वाटत होतं, ताईला चार घटका बरं वाटतंय तर वाटू दे. आता गोष्ट जिवावर आली होती.

तिचा पहिला संशय साफ चुकला. या माणसाच्या खिशात दुसरा कंट्रोलर असणार, असं तिनं धरलं होतं. तो गेल्यावर तिनं स्टूल उलटं करून पाहिलं, टीव्हीमागच्या वायरी तपासल्या, घरचं इंटरनेट बंद केलं. तरी प्रवासी आपला चालतोच. मावशी क्षणभर चपापली. कंट्रोलर उचलायला गेली, तर ताईनं अडवलं. परक्याचा हात लागला तर तार तुटेल असं दुवाबुवानं बजावलं होतं. मावशी मुलाला परकी कधीपासून झाली, हे विचारायचं तिच्या ओठांवर आलं होतं, पण ताईचा चेहरा बघून तिनं ते गिळलं. मात्र संशयाला बळ मिळालं. जे खरं असतं ते हात लावल्यानं पळून जात नाही.

घरी जाऊन तिनं इंटरनेटवर शोधलं: कंट्रोलरला हात न लावता खेळाडू चालतो. उत्तरांचा पाऊस पडला. जगभरातली पोरं हीच तक्रार करत होती. कुणाचा सैनिक खड्ड्यात जात होता, कुणाची गाडी कुंपणावर. एवढ्या सगळ्यांच्या घरी आत्मे आले असतील, तर स्वर्गात बहुधा कुणी उरलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ताई बाहेर गेलेली असताना ती लॅपटॉप घेऊन ताईकडे गेली. कंट्रोलर भावोजींनीच तिच्या हातात दिला. "मला कळायला हवं," ते म्हणाले. "छाती माझी आहे."

तिनं ब्राउझरमध्ये कंट्रोलर तपासायचं एक पान उघडलं, वायर जोडली आणि एक बटण दाबलं. पानावर कंट्रोलरचं चित्र जागं झालं. एकेक बटण दाबलं की चित्रातलं तेच बटण उजळायचं. अंगठ्यानं फिरवायच्या ज्या दोन दांड्या असतात, त्यांच्यासाठी दोन वर्तुळं होती आणि प्रत्येकात एक ठिपका. उजव्या दांडीचा ठिपका मधोमध होता. डाव्या दांडीचा मात्र कुणी हात लावलेला नसताना डावीकडे सरकून बसला होता.

मावशीनं ती दांडी उजवीकडे ढकलून सोडली. ठिपका मधे येऊन थांबला. डावीकडे ढकलून सोडली. ठिपका मधे यायला निघाला आणि वाटेतच अडला. भावोजींनी हे स्वतः करून पाहिलं, मग पुन्हा पाहिलं.

पुढच्या बैठकीला गर्दी आणखी वाढली होती. दुवाबुवा कंट्रोलर उचलणार, तोच भावोजी म्हणाले, "आज आधी माझ्या मेव्हणीचं ऐकायचं." घरधन्यापुढे त्याचं काही चालेना.

मावशीनं लॅपटॉप टीव्हीला आणि कंट्रोलर लॅपटॉपला जोडला आणि ते पान सगळ्यांना दाखवलं. डावीकडे अडकलेला ठिपका बघून लोक कुजबुजले. दुवाबुवा डगमगला नाही. "आत्मा आता या यंत्रातही आला," तो म्हणाला. "विजेला कुठली भिंत?"

"असेल," मावशी म्हणाली. शेजारणीच्या मुलीचा कंट्रोलर तिनं मागून आणलाच होता. तो जोडला; ठिपका मधोमध. तोच गेमला जोडला. प्रवासी जागचा हलेना. मावशीनं शांतपणे विचारलं, "मुलगा आमचा, घर त्याचं, गेम त्याचा. आईच्या हाकेला त्याला जुनाच कंट्रोलर का लागावा?"

दुवाबुवानं श्रद्धा, लहरी, अशुद्ध हात असं बरंच काही सांगितलं. पण लोक आता त्याचं तोंड सोडून त्याच्या अंगठ्याकडे बघत होते.

मावशीनं जुना कंट्रोलर परत जोडला आणि ताईच्या हातात दिला. "ताई, ही दांडी उजवीकडे ढकलून सोड. आता विचार, ऑपरेशन करायचं का?"

ताईनं तसं केलं. प्रवासी उभाच राहिला.

"आता डावीकडे ढकलून सोड, आणि तोच प्रश्न विचार."

ताईनं दांडी ढकलून सोडली. प्रश्न विचारायच्या आधीच प्रवासी डावीकडे चालू लागला. होकार.

"म्हणजे तो कधी आलाच नव्हता," ताई म्हणाली.

मावशीला खोटं बोलावंसं फार वाटलं. "नाही, ताई. वापरून वापरून दांडी झिजली आहे, म्हणून ती नीट मधे येत नाही. तळव्यांत घोळवताना हा माणूस ती हव्या त्या बाजूला ढकलत होता. उत्तरं त्याची होती."

ताईनं झिजलेल्या दांडीवरून अंगठा फिरवला. "झिजवली मात्र त्यानंच."

"हो. ते त्यानंच."

ताई रडली, पण या वेळी पदराआड नाही. रडून झाल्यावर तिनं डोळे पुसले आणि दुवाबुवाकडे न बघताच त्याला दार दाखवलं. मग नवऱ्याला विचारलं, डॉक्टरांना फोन तुम्ही करता की मी करू? दुवाबुवाला जिन्यातल्या त्या ढिगात आपले बूट लवकर सापडेनात, आणि शोधू लागायला कुणीही वाकलं नाही.

भावोजींचं ऑपरेशन झालं. आता ते सकाळी चालायला जातात आणि बायको सोबत असेल तर मुद्दाम हळू चालतात.

शेजारीण पुढे कधीतरी ओशाळून मावशीला म्हणाली, की आम्हाला ते यंत्रातलं कसं कळणार? मावशी म्हणाली, यंत्रातलं कळायची गरजच नव्हती. काही आपोआप हललं तर ते का हललं, हे आधी विचारायचं. दुसरी वस्तू लावून पाहायची. आणि जो हात लावू देत नाही, त्याचे हात आधी बघायचे. दुःखात बुडालेल्या माणसाला हे सुचत नाही आणि त्यात त्याचा दोषही नाही; त्याला तर विश्वास ठेवायचाच असतो. म्हणून त्याच्या शेजारी बसणाऱ्यानं तरी डोळे उघडे ठेवावेत.