लसणाच्या लोणच्याची दवंडी

नळदुर्गच्या खैरुनबीचं लसणाचं लोणचं सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरच्या ड्रायव्हर लोकांत नावाजलेलं होतं. नवरा गेल्यावर याच लोणच्यावर तिनं दोन पोरी उजवल्या. हमरस्त्याला रेवणसिद्धचा ढाबा होता, तिथं तिच्या बाटल्या विकायला असायच्या.

त्या उन्हाळ्यात रेवणसिद्ध तिला म्हणाला, "चाची, ड्रायव्हर म्हणत्यात, लोणच्यानं दात आंबत्यात. लिंबू जरा कमी घाला की. आन् तोंड मेणानं बंद करा. ट्रकमधी तेल सांडतंय."

खैरुनबीनं गिऱ्हाइकाचं ऐकलं. लिंबू निम्म्यावर आणलं, मीठही हात राखून टाकलं. लसूण तेलात मऊ करून बाटल्या काठोकाठ भरल्या आणि मेण लावलं. शेजारच्या माणिकप्पाला तर ते लोणचं फारच मानवलं. पानाचं दुकान चालवणारा बोळका म्हातारा तो. मऊ लसूण भाकरीच्या काल्यात कालवून खायचा.

पावसाळ्याच्या तोंडाला एका सकाळी माणिकप्पाला एकाची दोन माणसं दिसायला लागली. दुपारपर्यंत त्याच्या पापण्या उघडेनात. पाणी घशाखाली उतरेना, नाकावाटे परत येई. ताप नव्हता, शुद्ध चांगली होती. घरच्यांनी अंगारा लावून पाहिला, मग एसटीनं सोलापूरच्या दवाखान्यात नेलं. दवाखान्यात राहायला त्याची बायको शरणम्मा एकटीच होती म्हणून खैरुनबीही सोबत गेली.

तिथं पलीकडच्या खाटेवर गफार होता. खैरुनबीनं त्याला ओळखलं. ट्रक चालवायचा, प्रत्येक फेरीला तिची बाटली न्यायचा. त्याच्याही पापण्या तशाच मिटलेल्या.

डॉक्टरांनी दोघांच्या माणसांना विचारलं, "या दोघांनी एकच असं काय खाल्लंय?"

कुणी बोलायच्या आतच खैरुनबी पुढं झाली. "माझं लोणचं," ती म्हणाली.

ते कसं केलं, हे डॉक्टरांनी बारकाईनं विचारून घेतलं. मग हळू आवाजात सांगितलं, "आंबट कमी, वर तेल, तोंड बंद. आत हवा नाही. अशा बाटलीत एक विष तयार होऊ शकतं, बाई. त्याला वास नाही, चव नाही. अजून ही माझी शंकाच आहे. बाटली मुंबईला तपासायला पाठवू, पण उत्तराला वेळ लागेल."

दुसऱ्या दिवशी माणिकप्पाचा श्वास थांबला.

माती झाल्यावर खैरुनबी आधी रेवणसिद्धच्या ढाब्यावर गेली. "समद्या बाटल्या काढ. इकल्या त्याबी परत आणायच्या हायेत."

"मुंबईचं उत्तर तर येऊ द्या," रेवणसिद्ध म्हणाला. "शंकेवर कुणी आपल्या हातानं आपलं नाव बुडवतं व्हय? उद्या लोक माझ्या ढाब्यावर पाणीसुदिक पिणार न्हाईत."

"उत्तर येईस्तोवर कुणी खाल्लं तर?"

रेवणसिद्ध उठला. फळीवरच्या बाटल्या त्यानं पोत्यात भरून दिल्या. येणाऱ्या-जाणाऱ्या ड्रायव्हरांना निरोप सांगायचंही कबूल केलं, पण गावात तिच्याबरोबर फिरायला तो आला नाही.

खैरुनबीनं डफवाल्याला बोलावलं. डफ वाजायचा आणि मग ती स्वतःच बोलायची. एकही शब्द गिळत नव्हती. "म्या खैरुनबी. माझं यंदाचं लसणाचं लोणचं कुणी खाऊ नका. माणिकप्पा त्यानंच गेले असं वाटतंय. बाटली मला परत द्या."

काहींनी लगेच आणून दिल्या. काहींनी दारं लावून घेतली. पेठेत रुद्रम्मा नावाची खमकी बाई ओट्यावर उभी राहिली. "आमी रोज खातोय. आमाला कुठं काय झालंय? वास घेऊन बघा, कसा घमघमाट सुटलाय. एवढं चांगलं लोणचं उकिरड्यावर टाकू?"

"आक्का, इखाला वास न्हाय म्हणत्यात."

"मग तुमीच एक लसूण खाऊन दाखवा की!"

खैरुनबीनं बाटलीकडं बघितलं. आयुष्यभर तिनं स्वतः चाखल्याशिवाय गिऱ्हाइकाला बाटली दिली नव्हती.

"न्हाय खात," ती म्हणाली. "मला भ्या वाटतंय, म्हणूनच तर मागायला आलेय."

तरी रुद्रम्मा हटेना. तेवढ्यात गर्दी बाजूला झाली. शरणम्मा आली होती. अजून सुतक फिटलं नव्हतं, अशा दिवसांत तिला घराबाहेर बघून बाया दचकल्या. ती खैरुनबीशी एक शब्द बोलली नाही. रुद्रम्मापुढं जाऊन तिनं हात पुढं केला.

"माझ्या घरातबी वास चांगलाच येत हुता," ती म्हणाली. "दे."

रुद्रम्मानं बाटली दिली.

त्यानंतर शरणम्मा पुढं आणि खैरुनबी मागं, अशा दोघी सगळं गाव फिरल्या. दार लावलेली घरंही उघडली. तपासणीला पाठवायच्या बाटल्या वेगळ्या ठेवल्या, बाकीचं लोणचं डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणं उकळून गावाबाहेर खोल खड्ड्यात पुरलं. माती लोटून झाल्यावर खैरुनबी खाली बसली. "आक्का, मला माफ कर."

"आत्ता न्हाय जमायचं," शरणम्मा म्हणाली. "पुढं जमंल का, तेबी ठाव न्हाय. पर तू गप बसली असतीस तर म्या तुज्या दारात येऊन डोकं फोडून घेतलं असतं." तिनं खैरुनबीच्या दंडाला धरून तिला उठवलं आणि दोघी आपापल्या घरी गेल्या.

दिवाळीच्या सुमाराला मुंबईहून उत्तर आलं. काही बाटल्यांत विष होतं, काहींत नव्हतं. तोवर गावात आणखी कुणी आजारी पडलं नव्हतं, त्यामुळं 'उगंच बोभाटा केला' म्हणणारेही होतेच. गफार जगला. कित्येक आठवडे त्याला नळीनं अन्न घालावं लागलं आणि पुन्हा ट्रक चालवायला त्याला वर्ष लागलं.

खैरुनबीनं लोणचं सोडलं. ती ज्वारी-बाजरी दळून द्यायला लागली. शरणम्माचं दळण तिच्याकडंच यायचं. ते निमूट टाकायचं, पीठ घ्यायचं आणि जायचं. पहिलं वर्षभर तरी त्यांच्यात यापलीकडं बोलणं झालं नाही.