शिलाईतली माया

आमच्या यांना साधं बटण लावता येत नाही. तरी घाटकोपरच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या आमच्या गाळ्यात वर्षानुवर्षं लहान मुलींचे फ्रॉक शिवले गेले, आणि त्यांवर आमच्या लेकीच्या नावाचं, 'स्वरदा'चं, लेबल लागलं. कापायचं काम धोंडिराममास्तरांचं, शिवायचं बायकांचं आणि आरडाओरडा माझा. नंदकुमार, म्हणजे आमचे हे, एकच काम करायचे. तयार फ्रॉक उलटा करून आत माया किती आहे ते बघायचे.

शिलाईच्या पलीकडे, आतल्या बाजूला जे जास्तीचं कापड ठेवतात त्याला माया म्हणतात. मुलगी अंगाने भरली की कडेची शिलाई उसवायची, खालची दुमड सोडायची, आणि तोच फ्रॉक आणखी वर्षभर वापरायचा. कंपनीच्या कपड्यांत ही भानगड नसते, तेवढंच कापड वाचतं. यांना मात्र मायेत हात आखडलेला चालायचा नाही. मालाडच्या दुकानांत बायका आमचा फ्रॉक आधी उलटा करून बघत आणि मगच रंग विचारत. मी यांना म्हणायचे, फ्रॉकांवर आहे त्याच्या निम्मी माया बायकोवर असती तर माझं सोनं झालं असतं. हे नुसते हसायचे.

मग बांगलादेशातून येणाऱ्या तयार कपड्यांवरची ड्युटी गेली, आणि मालाडचे दुकानदार एकेक करून ऑर्डर कमी करायला लागले. बाहेरचा माल भिकार होता म्हणावं, तर तसंही नाही. मी एक फ्रॉक आणून उलटसुलट करून पाहिला. शिलाई सरळ होती, रंग पक्का होता. तिथे म्हणे एकेका मजल्यावर इतक्या मशिनी, की आमच्या अख्ख्या इस्टेटमध्ये नसतील. आमच्या घरी काम करणाऱ्या माणिकने त्या दिवाळीत दोन्ही मुलींना तसलेच स्वस्तातले नवे फ्रॉक घेतले. एरवी धाकटीच्या वाट्याला थोरलीचा जुना यायचा. हे वाईट झालं असं तिला मी कुठल्या तोंडाने सांगणार होते? माझा राग होता तो यांच्यावर. बाहेरच्या मालाला दार उघडणार असल्याचं पेपरात येत होतं तेव्हा हे त्याच पेपरातलं शब्दकोडं सोडवत बसले होते.

स्वरदा अंधेरीला कपड्यांच्या एका मोठ्या साखळी दुकानाच्या ऑफिसात आहे. मुलांचे कपडे कुठून शिवून घ्यायचे हे सुचवणं हेच तिचं काम. वडिलांचा गाळा बुडताना तिला बघवेना. तिने वरच्यांशी बोलून आमचे नमुने बघायला त्यांना तयार केलं आणि एका रविवारी मुलुंडला आमच्याकडे आली. ऑर्डर मिळाली तर गाळा चालणार होता, नाही तर शटर खाली.

"बाबा, माया काढा," ती म्हणाली. "भाव बसवायला दुसरं काही उरलं नाहीये."

यांनी शब्दकोडं बाजूला ठेवलं.

"आता कोणी फ्रॉक उसवत बसत नाही, बाबा. लहान झाला की नवा घेतात."

हे उठून गॅलरीत गेले आणि जेवायलाही लवकर आत आले नाहीत. सोमवारी त्यांनी धोंडिराममास्तरांना ज्यांवरून कापड आखून कापतात ते पुठ्ठे मायेइतके काठाने छाटायला सांगितलं. मास्तरांनी विचारलं, "शेठ, सगळ्यांचे?" हे म्हणाले, सगळ्यांचे. मालाडसाठीचे तरी राहू द्या म्हणून मी भांडले. पण यांचा हेका, की एकाच नावाने दोन प्रकारचा माल निघणार नाही. लेकीच्या नावाचं लेबल आहे, कुणाला माया ठेवायची आणि कुणाला नाही, हे मला जमणार नाही म्हणाले. झालं. सगळा माल बिनमायेचा निघाला. त्यातला पहिला, फिकट पिवळा फ्रॉक यांनी नातीला, रेवतीला दिला.

नमुने पास झाले. फिनिशिंगचं कौतुकही झालं. ऑर्डर मात्र बांगलादेशला गेली. माया काढूनसुद्धा तिथला भाव आमच्या खालीच होता. हे सांगताना स्वरदा फोनवर रडली. तू तुझं काम केलंस, असं म्हणून यांनी फोन ठेवला. मालाडच्या बायकांनी सवयीने फ्रॉक उलटे केले आणि तसेच दुकानदाराच्या हातात परत दिले. जे एक गिऱ्हाईक आमचं म्हणून उरलं होतं तेही आम्ही हाताने घालवलं. आज त्या गाळ्यात कोणीतरी केक करतं. धोंडिराममास्तर भांडुपला एका दुकानात बाहेरून आलेल्या पँटी आखूड करून देतात. बरं चाललंय म्हणतात. मी जास्त विचारत नाही.

परवा स्वरदा रेवतीला घेऊन आली. पिशवीत तो पिवळा फ्रॉक होता. काखेत काचायला लागला होता, पण पोरगी दुसरा घालायला तयार नव्हती.

"आई, कडेने थोडा सोडून दे ना गं," स्वरदा म्हणाली.

मी तिच्याकडे बघितलं. काढायला तिनेच सांगितलं होतं, ते ती विसरली नव्हती. नातीच्या फ्रॉकात तरी बाबांनी ठेवली असेल, असं तिने धरून ठेवलं होतं. खरं सांगायचं तर मीही. हे शेजारीच बसले होते. मी फ्रॉक उलटा केला. शिलाईला लागूनच कापड संपलं होतं.

"आत काहीच नाहीये," स्वरदा हळूच म्हणाली.

रेवतीने फ्रॉकात डोकावून पाहिलं. "काय नाहीये, आजोबा?"

ज्या घरात तो शब्द दिवसातून दहादा उच्चारला जायचा, तिथे आता आम्हा तिघांपैकी एकाच्याही तोंडून तो निघेना. यांनी फ्रॉक माझ्या हातातून घेतला, सुलटा केला, घडी घालून मांडीवर ठेवला.

"लहान झाला गं बाळा," हे म्हणाले. "आईला सांग. दुकानातून नवा आणेल."

स्वरदा उठून आत गेली आणि बराच वेळ नळाचा आवाज येत राहिला.