लाँड्रीच्या खिडकीतली घटपर्णी

मित्रांनो, मी एक जुनी घटपर्णी आहे. जुनी म्हणजे किती, ते विचारू नका. ज्या कुंडीतून मी आले तिचा रंग उडाला, कड फुटली, तरी मी अजून तिच्यातच आहे, यावरून काय ते समजा. एका लाँड्रीच्या दर्शनी खिडकीत, वाफेच्या इस्त्रीच्या टेबलाशेजारी मी टांगलेली असते. रस्त्याने जाणारे लोक मुद्दाम थांबून मला बघायचे, असे माझेही दिवस होते. आता थांबतात ते हळहळायला.

माझा जन्म रोपवाटिकेतला. तिथल्या बाईंनी माझ्या आईच्या वेलीचा एक तुकडा कापून ओल्या शेवाळात खोचला आणि तो जगला, एवढीच माझी जन्मकथा. मला विकत घेतलं ते लाँड्रीच्या सूनबाईने. धुतलेल्या पांढऱ्या चादरींवर माशा बसतात म्हणून ती वैतागली होती.

"ही खरंच माशा खाते का हो?" तिने विचारलं.

"खाते, पण सावकाश. घाई असेल तर माशा मारायचा फटका घ्या," बाई म्हणाल्या.

सूनबाई हसली आणि मला घेऊन आली. तुम्ही माणसं माशा मारत बसणं म्हणजे रिकामटेकडेपणा समजता. माझा तर तो पोटापाण्याचा उद्योग आहे. माझ्या पानाच्या टोकाला एक लांब तंतू फुटतो. तंतूचं टोक खाली वाकतं, फुगतं आणि त्याचा घट होतो. मग एक दिवस त्याचं झाकण उघडतं. आत थोडं पाणी असतं आणि काठावर गोड रस. माशी रसाला भुलते, निसरड्या काठावरून घसरते, आणि पुढचं सांगायला ती परत येत नाही.

लाँड्रीत माझं बस्तान छान बसलं. इस्त्रीच्या वाफेने हवा कायम दमट असायची. इस्त्रीत घालायला क्षार काढलेलं पाणी आणायचे, त्यातलंच थोडं सूनबाई मला घालायची. उन्हापावसाच्या दिवसांत मला एवढे घट लागायचे की कपडे न्यायला आलेली मुलं आत डोकावून माशा मोजायची. "वहिनी, तुमच्या झाडाने आज काय खाल्लं?" असं गिऱ्हाइकंही विचारायची. माझं कौतुक झालं की मला बरं वाटायचं, यात लाजण्यासारखं काही नाही.

पण माझ्याकडे सगळ्यांत जास्त वेळ बघायचे ते आजोबा. सूनबाईचे सासरे. ही लाँड्री त्यांनीच उभी केली. कडक खळ द्यावी तर त्यांनीच, असं जुनी गिऱ्हाइकं अजून म्हणतात. मग एक दिवस त्यांचं उजवं अंग लुळं पडलं आणि वाचाही गेली. सगळे शब्द गेले, एकच उरला, "नको". चहा हवा असला तरी नको, उन्हात बसायचं असलं तरी नको. बिचाऱ्यांना दुसरं काही म्हणताच येत नव्हतं. त्यांची खुर्ची माझ्यासमोर ठेवलेली असायची. माझ्या घटात माशी पडली की ते डाव्या हाताने गुडघ्यावर थाप मारायचे. त्यांना दिवसभरात दुसरी करमणूक नव्हती आणि मला त्यांच्याइतका जाणकार प्रेक्षक नव्हता.

आता थंडीचं सांगते. थंडी आली की मी आवरतं घेते. नवं पान लहान येतं, तंतूचं टोक फुगत नाही, काळं पडून वाळतं. जुने घट तपकिरी होतात. ही माझी रीतच आहे. ऊब परतली की मी पुन्हा घट धरते. दर थंडीत हे व्हायचं आणि कुणाचं लक्षही जायचं नाही. पण त्या वर्षी थंडी कडाक्याची पडली, आणि सूनबाईच्या मनाने घेतलं की मी गारठून मरणार.

तिने माझ्या भल्यासाठीच केलं हो. कोट धुऊन झाले की त्यांच्यावर चढवतात तसलं एक लांब प्लास्टिकचं आवरण तिने माझ्यावर चढवलं आणि खालून गाठ मारली.

"नको," आजोबा म्हणाले.

"तुम्हाला नाही हो बाबा, झाडाला घालतेय," ती म्हणाली.

आत ऊब होती, पण वारा नव्हता. माझाच दमटपणा माझ्याच अंगावर साचून राहिला. थोड्या दिवसांनी माझ्या एका पानावर पांढरा ठिपका उठला, पिठाची चिमूट पडावी तसा. मित्रांनो, त्याला भुरी म्हणतात. ती बुरशी आहे. ती पानाचा जीव शोषते आणि कोंदट जागेत फार आनंदाने वाढते.

हा ठिपका दुसऱ्या कुणाच्या घरी दिसला असता तर त्यांनी निदान विचारलं असतं, हे काय आहे म्हणून. पण लाँड्रीत पांढरी भुकटी म्हणजे खळ, दुसरं काही असूच शकत नाही! इथे खळ टेबलावर असते, दाराच्या कडीवर असते, माणसांच्या भुवयांवरसुद्धा असते. सूनबाईने गाठ सोडली, ओलं फडकं घेतलं आणि माझं पान पुसलं. मग त्याच फडक्याने शेजारचं पान पुसलं. मग सगळीच. आणि पुन्हा गाठ मारली.

"नको! नको!" आजोबा ओरडले.

त्यांनी आयुष्यभर खळ शिजवली होती. खळ अशी गोल ठिपक्यांनी येत नाही आणि पुसल्यावर परत उगवत नाही, हे त्यांना दिसत होतं. मलाही ओरडावंसं वाटत होतं, पण माझ्याकडे तर तो एक शब्दही नव्हता. ज्या पानावर काही नव्हतं तिथेही त्या फडक्याने भुरी नेऊन ठेवली. सूनबाई रोज पुसायची, रोज भुरी वाढायची, आणि रोज आजोबा ओरडायचे. डावा हात खुर्चीवर आपटायचे. एकदा त्यांनी तिचं फडकं हिसकावून जमिनीवर फेकलं. समोर उभी असलेली गिऱ्हाईक बाई दचकून मागे सरकली.

"अहो, बाबांना आत न्या ना," सूनबाई नवऱ्याला म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "लोकांसमोर बरं दिसतं का हे? मलाच नको नको म्हणतात, जसं काही मी त्यांचं वाईट करतेय."

आजोबांच्या मुलाने त्यांची खुर्ची मागच्या खोलीत नेली. त्या खोलीला खिडकी नाही. न नेलेल्या कपड्यांची गाठोडी असतात तिथे. पहिले काही दिवस आतून "नको" ऐकू यायचं. इस्त्रीच्या आवाजात ते बुडून जायचं. मग ते कमी झालं. "चला, शांत झाले एकदाचे," मुलगा म्हणाला. त्याला खरंच बरं वाटलं होतं, म्हणून मी त्याच्यावर रागावू शकत नाही.

मग असं झालं की ज्या हॉटेलच्या चादरी आणि टेबलावरची कापडं खळीसाठी यायची, ते रंगकामासाठी बंद राहिलं. लाँड्रीत नुसते लोकरीचे कपडे येत होते, आणि लोकरीला कुणी खळ देत नाही. खळीचं पातेलं घासून पालथं पडलं होतं. तरीही सूनबाई फडकं घेऊन आली तेव्हा मी नखशिखांत पांढरी झाले होते.

"अहो," ती म्हणाली, "आपण खळ शिजवली कधी शेवटची?"

"शिजवली कुठे? हॉटेल बंद आहे ना."

ती पातेल्याकडे बघत उभी राहिली. मग माझ्याकडे. मग मागच्या खोलीच्या दाराकडे. माझं एक पान खुडून ती तशीच रोपवाटिकेत धावली. तिथल्या बाईंनी पान बघितलं आणि कपाळावर हात मारला. "अहो, ही भुरी! पुसता काय हिला? आवरण काढा, वारा लागू द्या, खराब पानं सगळी कापून टाका."

आल्या आल्या तिने कात्री घेतली. माझी जवळजवळ सगळी पानं गेली. एक शेंडा आणि दोन चिमुकली पानं राहिली. मला दुखलं, पण कोंडून मरण्यापेक्षा ते बरं होतं.

मग ती आत गेली आणि आजोबांची खुर्ची स्वतः ओढत माझ्यासमोर घेऊन आली. ते फार वाळले होते. "बाबा, तुम्ही बरोबर सांगत होता," ती म्हणाली. "मला कळलंच नाही." त्यांनी माझ्याकडे बघितलं, पण जसं भिंतीकडे बघावं तसं. त्यांचा डावा हात मांडीवर नुसता पडून होता.

मित्रांनो, पुढे ऊब परतली. मला एक नवं पान आलंय. त्याच्या टोकाला तंतूही आहे, पण त्याला घट धरेल की तो तसाच वाळेल, हे मला अजून सांगता येत नाही. तुमच्या घरी माझ्या जातीचं कुणी असेल तर थंडीत त्याला थोडं रोडावू द्या, मायेने गुदमरवू नका. पानावर पांढरं दिसलं तर फडकं उचलण्याआधी चार जणांना विचारा. आणि घरात कुणापाशी एकच शब्द उरला असेल, तर तो आहे तोवर त्याच्याजवळ बसून ऐका. तो पुन्हा पुन्हा तेच बोलतो याचा कंटाळा करू नका.

सूनबाई आजही रोज दुपारी ओलं फडकं हातात घेऊन माझ्यापाशी येते. पान पुसत नाही. फडकं पानाजवळ नेते, थांबते, आणि वळून आजोबांकडे बघते. "पुसू का हो बाबा?" असं विचारते. बराच वेळ तशीच उभी राहते. आजोबा काहीच म्हणत नाहीत.